मोबाइल तिकिटाचे चार टक्के नेमके कशाचे?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. बससेवेसाठी मोबाइल तिकीट सुरू करायचं आहे आणि हातात दोन प्रस्ताव आहेत. पहिली कंपनी म्हणते, सुरुवातीला एक पैसा देऊ नका, ॲपवरून जेवढी विक्री होईल तिचे चार टक्के द्या. दुसरीला उभारणीचे पैसे आधी हवेत आणि पुढे दरवर्षी ठरावीक रक्कम. यातलं स्वस्त कोणतं, हे तुम्हाला हवंय. शिवाय वरिष्ठांचं म्हणणं असं की तिकिटाचा कागद, मशिनं, कॅशियर हा सगळा खर्च आता वाचणारच, मग या लोकांना एवढं द्यायचं कशाला?

मी बरीच वर्षं परिवहन संस्थेच्या लेखा विभागात काढली आणि नंतर तिकीट यंत्रणा विकणाऱ्यांच्या बाजूला गेले. असे प्रस्ताव मी तपासलेत आणि लिहिलेतही. त्या अनुभवावरून सांगते, दोन प्रस्तावांची तुलना हा सोपा भाग आहे, ती कागदावर पाच मिनिटांत होते. अवघड आहे तो वरिष्ठांचा प्रश्न. खर्च वाचणार हे त्यांनी गृहीत धरलंय आणि ते बहुतेक ठिकाणी पहिल्या काही वर्षांत खरं ठरत नाही.

आधी सोपा भाग उरकू. वर्षाचं एकूण तिकीट उत्पन्न १०० भाग धरा. आकडे माझ्या मनचे आहेत, तिथे तुमचे घाला. दुसऱ्या कंपनीची उभारणी २ भागांची आहे आणि ती पाच वर्षांत वाटली तर वर्षाला ०.४ भाग. वार्षिक रक्कम ०.५ भाग. त्याशिवाय पेमेंट गेटवे (प्रवाशाचे ऑनलाइन पैसे तुमच्या खात्यात पोहोचवणारी मधली सेवा) आणि बँकेचं शुल्क विक्रीच्या १ टक्का, ते तुम्ही वेगळं भरणार. पहिल्या कंपनीच्या चार टक्क्यांत हे पेमेंट शुल्क धरलेलं आहे, असं तूर्त समजू.

उत्पन्नातले १० भाग मोबाइलवर आले तर पहिलीला ०.४ भाग जातात आणि दुसरीचा खर्च १.० होतो. ३० भाग आले तर दोन्हीकडे १.२, म्हणजे बरोबरी. ६० भाग आले तर पहिलीला २.४ आणि दुसरीला १.५. थोडक्यात, योजना फसली तर टक्केवारी स्वस्त पडते आणि यशस्वी झाली तर महाग. टक्केवारीवाला तुमची जोखीम उचलतो आणि तिचा मोबदला घेतो, यात लबाडी काही नाही. फक्त आपण जोखीम विकतोय हे सही करताना माहीत असावं.

आता मघाचं गृहीतक तपासा. चार टक्क्यांत पेमेंट शुल्क आहे का? मी पाहिलेल्या अनेक मसुद्यांत ते नव्हतं, आणि पहिल्या पानावर तसं लिहिलेलंही नव्हतं. ते वेगळं भरावं लागलं तर बरोबरीचा बिंदू ३० वरून साडेबावीस भागांवर येतो. दुसरं, किमान हमीचं कलम आहे का? ‘विक्री कितीही झाली तरी वर्षाला अमुक रक्कम द्यावी लागेल’ असं एखादं वाक्य मागच्या पानांवर असेल, तर तुमच्यावरची जोखीम त्यांनी उचललेलीच नाही. मग ‘शून्य गुंतवणूक’ हे नुसतं पहिल्या पानाचं शीर्षक.

तिसरा मुद्दा पासांचा, आणि माझ्या मते टक्केवारीच्या करारात सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. मोबाइलकडे कुठले प्रवासी आधी वळतात? माझा अनुभव असा की रोजचे, मासिक पासवाले. त्यांना खिडकीवरची रांग नको असते. पास महिन्यातून एकदा विकला जातो, एकदाच पेमेंट होतं, पण रक्कम एकेरी तिकिटाच्या कितीतरी पट असते. कंपनीला त्या विक्रीसाठी जास्त काम पडत नाही, टक्के मात्र पूर्ण रकमेवर लागतात. आणि हा पास तुम्ही आधीही खिडकीवर विकतच होता, बऱ्यापैकी कमी खर्चात. म्हणून टक्केवारीच मान्य करायची असेल तर पासांसाठी वेगळा, खालचा दर मागा, किंवा प्रत्येक विक्रीमागच्या रकमेला कमाल मर्यादा घाला. विक्री वाढेल तसा दर उतरत जाईल अशा पायऱ्याही लावून घ्या. कंपन्या हे मान्य करतात, फक्त स्वतःहून देत नाहीत.

एकेरी तिकिटांची अडचण नेमकी उलटी. रक्कम लहान, आणि पेमेंट शुल्कात ठरावीक भाग असेल तर तो लहान रकमेला चांगलाच बोचतो. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरच्या शुल्काला २०११ मध्ये मर्यादा आली, ती २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के. दुकानातल्या मोठ्या बिलाला हे किरकोळ वाटेल, पण दोन डॉलरच्या तिकिटावर २१ सेंट म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. युरोपीय संघाने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा निव्वळ टक्क्यांत आहे, डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३. भारतात यूपीआय आणि रूपे डेबिटवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे, तरी मधला गेटवे आपल्या सेवेचे पैसे लावू शकतोच. म्हणजे तीच यंत्रणा, तेच तिकीट, पण जागा बदलली की हिशेब बदलतो. दुसऱ्या देशातला यशस्वी प्रयोग दाखवून कोणी दर पटवत असेल, तर तिथलं पेमेंट शुल्क किती हे आधी विचारा.

लहान रकमांवर दोन उपाय आहेत. एक, ॲपमध्ये पाकीट ठेवणं. प्रवासी एकदा मोठी रक्कम भरतो आणि तिकिटं त्यातून कापली जातात. दुसरा, दिवसभराच्या प्रवासांची एकच वसुली करणं. लंडनमध्ये बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड, म्हणजे यंत्राला नुसतं टेकवायचं कार्ड, बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, सप्टेंबर २०१४ पासून चालू लागलं. तिथे प्रवासी दिवसभर कार्ड टेकवत राहतो, रात्री सगळे प्रवास जुळवून दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादा लावली जाते आणि मग एकच रक्कम कापली जाते. कार्ड छापायचा आणि वाटायचा खर्च बँकेचा. हे ऐकायला फार गोड लागतं. पण त्यासाठी प्रत्येक दारावर बँकेच्या नियमांनुसार प्रमाणित यंत्र लागतं, मागे हिशेब जुळवणारी मोठी प्रणाली लागते, आणि खात्यात पैसे नसलेलं कार्ड पहिल्या फेरीत आत सुटून जातं, ते नुकसान कोणी सोसायचं हे ठरवावं लागतं. तुमच्या आकाराच्या सेवेने हे एकट्याने उभं करू नये असं मला वाटतं. चार सेवांनी मिळून केलं तर विचार करा.

आता वरिष्ठांचा प्रश्न. रोखीच्या तिकिटाला खर्च किती येतो, हे तुमच्याकडे कोणी कधी मांडलंय का? बहुतेक ठिकाणी मांडलेलं नसतं, कारण तो खर्च एका खात्यात दिसत नाही. तिकीट मशिनांची दुरुस्ती एका शीर्षाखाली, कागदाचे रोल दुसऱ्या. आगारातल्या कॅशियरचा पगार आस्थापनेत. भरणा मोजणं, तो बँकेत नेणारी गाडी, सुरक्षा, सुट्ट्या पैशांची व्यवस्था, वाहकाच्या हिशेबातली तूट आणि तिची चौकशी, हे सगळं आणखी कुठे कुठे विखुरलेलं. मी पहिल्यांदा हे एकत्र केलं तेव्हा तीन आठवडे लागले होते आणि आमच्याच अधिकाऱ्यांचा आकड्यावर विश्वास बसला नव्हता.

पण एकूण आकडा कळला तरी तो वाचत नाही, कारण त्यातला बहुतेक भाग जिन्यासारखा आहे, उतारासारखा नाही. रोख विक्री ३० टक्क्यांनी घटली म्हणून कॅशियर ३० टक्क्यांनी कमी होत नाही. आगारात एकच रोख खिडकी असेल तर ती चालूच राहते. भरण्याची गाडी रोज येतेच, आत पेटी हलकी असते इतकंच. प्रत्येक बसमध्ये मशीन लागतंच, कारण दिवसाला पन्नास का होईना, रोखीची तिकिटं निघतातच. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही दोन यंत्रणा एकाच वेळी चालवता, जुनी जवळजवळ पूर्ण खर्चात आणि नवी वरून. ॲपचे टक्के हा त्या काळात निव्वळ वाढीव खर्च असतो.

बचत कधी होते ते लंडनच्याच उदाहरणात छान दिसतं. तिथे ऑयस्टर हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड २००३ मध्ये आलं. बसमधली रोख बंद झाली ती जुलै २०१४ मध्ये, अकरा वर्षांनी. तोवर रोखीने होणारे बसप्रवास जेमतेम एक टक्का उरले होते. आणि त्या एक टक्क्याला बंद केल्याने वर्षाला सुमारे २ कोटी ४० लाख पाउंड वाचतील असा तिथल्या परिवहन संस्थेचा अंदाज होता. नव्व्याण्णव टक्के लोक आधीच वळले होते, तरी एवढी मोठी रक्कम शेवटच्या एका टक्क्याला चिकटून बसली होती. तो टक्का नुसता झटकून टाकला असंही नाही. कार्डात पुरेसे पैसे नसले तरी एक बसप्रवास करू द्यायचा, अशी सोय त्याच सुमारास दिली गेली, म्हणजे रात्री कोणी थांब्यावर अडकू नये.

म्हणून वरिष्ठांना मी एवढंच विचारेन की रोखीचा कुठला खर्च, कुठल्या तारखेला, कोणाच्या सहीने बंद होणार? एखाद्या आगारातली खिडकी, एखाद्या मार्गावरची रोख विक्री, मशिनांची पुढची खरेदी, काहीही चालेल, पण नाव आणि तारीख हवी. तसं काही ठरत नसेल तरी मोबाइल तिकीट करू नका असं माझं म्हणणं नाही. प्रवाशांच्या सोयीसाठी, बस थांब्यावर कमी वेळ उभी राहावी म्हणून, कुठल्या फेरीला किती गर्दी असते हे कळावं म्हणून जरूर करा. पण मग ते ‘सेवेचा खर्च’ म्हणून मांडा. ‘बचत’ म्हणून मंजूर करून घेतलं की दोन वर्षांनी लेखापरीक्षक येतो आणि बचत कुठे आहे असं विचारतो. उत्तर देणाऱ्याच्या त्या खुर्चीत मी बसलेली आहे, सुखाची नाही.

फोन नसलेले, बॅटरी संपलेले, ऑनलाइन पैसे भरणं नको असलेले प्रवासी कायम राहणार. रोख कमी करायची तर त्यांच्यासाठी दुकानातून विकलं जाणारं कार्ड किंवा छापील क्यूआर तिकीट लागतं, आणि दुकानदारालाही कमिशन द्यावं लागतं. ते कमिशन दोन्ही प्रस्तावांत नाही. तुमच्या तक्त्यात त्याची ओळ आत्ताच घाला.

यंत्रांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे उत्तर बरंचसं वाहक आहे की नाही यावर ठरतं. वाहक असेल तर स्क्रीनवरचं तिकीट नजरेने तपासूनही सुरुवात होते. बॉस्टनच्या उपनगरी रेल्वेत २०१२ मध्ये मोबाइल तिकीट आलं तेव्हा गाडीतला कर्मचारी फोनच्या पडद्याकडे बघूनच ते तपासत असे, त्यामुळे यंत्रांवरचा मोठा खर्च टळला. स्क्रीनशॉटची फसवणूक रोखायला तिकिटावर हलणारं चित्र आणि रोज बदलणारा रंग पुरतो, निदान सुरुवातीला. बस चालक एकटाच चालवत असेल तर दाराशी वाचणारं यंत्र लागतं, आणि मग खर्चाचा मोठा वाटा ॲपकडून यंत्राकडे सरकतो. यंत्र घेताना वेग नक्की बघा. लंडनने काँटॅक्टलेससाठी अर्ध्या सेकंदाची मर्यादा ठेवली होती, जपानच्या सुइका या रेल्वे कार्डासाठी स्थानकाच्या फाटकावर ०.२ सेकंदाचं गणित होतं. क्यूआर वाचताना फोन उघडणं, ॲप शोधणं, पडद्याचा उजेड वाढवणं हे सगळं दारातच होतं. प्रत्येक प्रवाशामागे दोन-तीन सेकंद वाढले आणि थांब्यावर तीस लोक चढले की बस मिनिटभर जास्त उभी. हा खर्च कुठल्याच कंपनीच्या प्रस्तावात लिहिलेला नसतो.

एक गैरसमज बैठकांत हमखास निघतो, तो इथेच मिटवते. ‘ॲप स्टोअर तीस टक्के कापणार ना?’ नाही. तो वाटा ॲपच्या आत वापरायच्या डिजिटल वस्तूंसाठी असतो. बसप्रवास ॲपच्या बाहेर घडतो, त्यामुळे तिकिटाचं पेमेंट तुमच्या गेटवेमधून घेता येतं आणि स्टोअर त्यात वाटा मागत नाही.

तिसरीही एखादी कंपनी तुमच्याकडे येईल, ‘आम्हाला काहीच नको’ म्हणणारी. तिचं उत्पन्न तीन ठिकाणांहून येऊ शकतं. पाकिटात पडून राहिलेल्या पैशांवरचं व्याज, जाहिराती किंवा इतर विक्री, आणि प्रवाशांची माहिती. पहिल्या दोनांत वाईट काही नाही. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ मध्ये वाहतूक कंपन्यांनीच मिळून काढलं आणि ते पुढे दुकानांतही चालू लागलं, म्हणजे वाहतुकीच्या कार्डाला बाहेरूनही कमाई मिळाली. पण त्याच कंपनीने सुमारे २० लाख ग्राहकांची माहिती इतरांना देऊन ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळवल्याचं २०१० मध्ये उघड झालं, गदारोळ उठला आणि मुख्य अधिकाऱ्यांना जावं लागलं. कोण रोज कुठे चढतो आणि कुठे उतरतो ही माहिती प्रवाशाने तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. ती कोणाच्या मालकीची आणि कशासाठी वापरायची, हे करारात साध्या भाषेत लिहून घ्या. पाकिटातल्या रकमेसाठीही वेगळं खातं हवं. कंपनी बुडाली तर प्रवासी तिच्या दारात जाणार नाहीत, तुमच्या दारात येतील.

आणि सुटकेचं कलम. यावर तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण माझा सगळ्यात महाग धडा इथला आहे. आमच्या संस्थेने एकदा कंपनी बदलायचं ठरवलं. तेव्हा कळलं की स्टोअरवरचं ॲप कंपनीच्या खात्यातून प्रसिद्ध झालंय, आमच्या नाही. म्हणजे प्रत्येक प्रवाशाने जुनं काढून नवीन ॲप घ्यायचं. मुदत न संपलेले पास आणि पाकिटातल्या शिल्लक रकमा त्यांच्या प्रणालीत, आमच्याकडे फक्त मासिक अहवाल. तिकिटाच्या क्यूआरवर डिजिटल सही करणारी किल्लीही, म्हणजे तिकीट खरं असल्याची खूण उमटवणारा गुप्त संकेतही, त्यांचीच, त्यामुळे बसमधली यंत्रं दुसऱ्या कोणाचं तिकीट ओळखेनात. तीन महिने दोन्ही कंपन्यांना पैसे दिले. तेव्हा ॲप तुमच्या खात्यातून प्रसिद्ध व्हावं, किल्ल्या तुमच्याकडे असाव्यात, खाती आणि शिल्लक ठरलेल्या स्वरूपात दर महिन्याला मिळावीत, एवढं पहिल्याच दिवशी मागा. नंतर मागितलं की त्याची किंमत लागते. याच कलमात इतर ॲपना तिकीट विकू द्यायचा हक्कही तुमच्याकडे ठेवा. डेन्व्हरमध्ये २०१९ पासून तिथल्या परिवहन सेवेची तिकिटं उबरच्या ॲपमध्ये मिळू लागली. तसं काही तुमच्याकडे आलं, तर त्या विक्रीवरही चार टक्के द्यायचे का, हे आधी ठरलेलं बरं.

रोजच्या हिशेबाचं एक काम मात्र अंगावर येतंच, करार कुठलाही असो. प्रवाशाने सोमवारी तिकीट घेतलं, बुधवारी वापरलं, गेटवेने पैसे गुरुवारी जमा केले आणि एक तिकीट मधेच रद्द झालं. चार तारखा, तीन प्रणाली. परतावा दिला तरी पेमेंट शुल्क अनेकदा परत मिळत नाही. हे जुळवायला लेखा विभागात एक माणूस लागतो, आणि ‘पैसे कापले पण तिकीट आलं नाही’ हे फोन घ्यायलाही कोणी तरी लागतं. ते फोन कोण घेणार, हे दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा. उत्तरं वेगळी येतील.

माझा कौल विचाराल तर तिसऱ्या वर्षापर्यंत ३० टक्क्यांपेक्षा जास्त विक्री मोबाइलवर जाईल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल आणि आधी द्यायला पैसे असतील, तर दुसरी कंपनी. खात्री नसेल तर पहिली, पण पासांचा दर वेगळा, पायऱ्या उतरत्या, किमान हमी नाही, आणि दोन वर्षांनी ठरलेल्या रकमेत दुसऱ्या पद्धतीवर जायची मुभा. ही मुभा मागताच समोरच्याचा चेहरा बघा. त्यांनाही तुमची सेवा ३० टक्क्यांच्या पुढे जाईल असं वाटत असेल, तर ते लगेच हो म्हणणार नाहीत.

तुमचं सरासरी एकेरी तिकीट केवढ्याचं, उत्पन्नात पासांचा वाटा किती आणि बसमध्ये वाहक आहेत का, हे तीन आकडे कळवलेत तर वरचंच गणित तुमच्या आकड्यांनी करून देते.